मोहरीएवढी थरथर

दत्तोजीअण्णांशी आमची ओळख आमच्या छताच्या पंख्यानं करून दिली. पुण्याहून बदली होऊन आम्ही बंगळूरला आलो, यशवंतपूरच्या अलीकडच्या एका गल्लीत वरचा मजला भाड्यानं घेतला, आणि सामान अजून खोक्यांत असतानाच दारात एक किडकिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरी लुंगी, खाकी शर्ट, कानामागे पेन्सिल. खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक ते हेच, एवढं मला कळलं. नळाच्या वेळा सांगायला आले असतील म्हणून मी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती उचलली, हॉलच्या मधोमध ठेवली, मला पंखा बंद करायला लावला आणि वर चढून तिन्ही पात्यांवरून एकेक बोट फिरवलं.

"हे जड आहे," ते म्हणाले. "एका मिऱ्याएवढं. खाली माझ्या पलंगाला कळतंय."

मग खिशातून मेणाचा गोळा काढून उरलेल्या दोन पात्यांना चिमूट चिमूट मेण लावलं, खुर्ची जागेवर ठेवली आणि निघून गेले. स्वतःचं नाव सांगितलं नाही, माझं विचारलं नाही. पंखा मात्र त्या दिवसापासून असा गुपचूप फिरू लागला की मंजिरी, म्हणजे माझी बायको, दोनदा उठून तो चालू आहे ना ते बघून आली.

मला राग आला, हे कबूल करतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग खात्यात कामाला. कंपनाचा, म्हणजे कशामुळे काय थरथरतं याचा, एक अख्खा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. आणि मिऱ्याएवढं म्हणजे काय? ग्रॅम, मिलिग्रॅम अशी काही मापं जगात आहेत की नाहीत?

होती, पण अण्णांना ती नको होती. पीण्यातच एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मोटारींचे रोटर तोलले होते. मोटारीच्या आत जो लोखंडी गोळा गरगर फिरतो तो रोटर. तो एका अंगाला जरा जरी जड असला तर मोटार थरथरते आणि वर्षभरात मरते. कुठलं अंग जड, किती जड, हे शोधायचं आणि तिथलं लोखंड खरवडून काढायचं, हे अण्णांचं काम. मशीन आकडा सांगायचं, पण अण्णा त्याआधी तळहात लावून सांगायचे, आणि सांगायचे ते स्वयंपाकघरातल्या मापांत. सगळ्यात मोठी थरथर वेलदोड्याएवढी. त्याखाली लवंग, मग मिरं, आणि जिच्याखाली काही नाही ती मोहरी. "ग्रॅम कुणी बघितलाय?" ते विचारत. "मोहरी रोज बघतो की आपण."

त्यांचं घराणं बंगळूरमधलं जुनं. कुणी पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आले आणि, अण्णांच्या शब्दांत, "परत जायचं विसरले." त्यामुळे अण्णांची मराठी माझ्या पुणेरी कानाला पहिले काही महिने नीट लागत नसे. ते मला 'जोशीअवरे', म्हणजे जोशीसाहेब, म्हणत. बोलण्यात स्वल्प, म्हणजे जरा, आणि सरी, म्हणजे बरं, इतक्यांदा येई की वर्षभरात मीही ऑफिसात 'स्वल्प थांबा' म्हणायला लागलो, आणि पुण्याच्या फोनवर आईनं मला एकदा तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

अण्णा नोकरीतून निवृत्त झाले, तरी हात निवृत्त झाला नव्हता. दिसेल त्या चालत्या वस्तूला ते तळहात लावत. आमचा मिक्सर, समोरच्यांचा फ्रिज, पिठाची चक्की, बसच्या खिडकीचा गज. बसमधून उतरताना ड्रायव्हरला जाऊन सांगत, "पुढच्या डाव्या बाजूला बघून घ्या, स्वल्प मिरं आहे." ड्रायव्हर त्यांच्याकडे कसा बघे ते मी पाहिलेलं आहे. गल्लीच्या टोकाच्या देवळात वीज लावली की आपोआप वाजणारं घंटा-ढोलाचं यंत्र आलं, तेव्हा मंगळारतीला अण्णा डोळे मिटून असे तल्लीन उभे राहिले की मंजिरीला त्यांच्या भक्तीचं कौतुक वाटलं. आरती संपल्यावर ते पुजाऱ्यांना म्हणाले, "डावीकडच्या घंटेचा खिळा ढिला आहे."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे कारण. थरथर सगळ्यांना कळते, कारण कळायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "संशय पन्नास असतात, जोशीअवरे. कारण एकच असतं." आणि ते एकदा सापडलं की समोर कोण आहे हे न बघता सांगायचं. शेजारच्या डॉक्टरांची गाडी एकदा हिसके देत होती. डॉक्टर सासू-सासऱ्यांना घेऊन निघालेले. अण्णा पाच मिनिटं शेजारी बसून फिरून आले आणि त्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता." डॉक्टर दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. मी अण्णांना म्हटलं, जरा वेगळं सांगायचं होतं, कार्ब्युरेटर बिघडलाय वगैरे. ते खरंच चकित झाले. "पण तो बिघडला नव्हता," ते म्हणाले. मी आयुष्यभर ऑफिसात वेगळंच सांगत आलेला माणूस. मला त्या दिवशी त्यांचा थोडा हेवाच वाटला.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, नवऱ्याची यथेच्छ थट्टा करणाऱ्या. आम्ही यायच्या तीन वर्षं आधी मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या दगडापाशी त्या पाय घसरून पडल्या आणि पाठीचा मणका दुखावला. दवाखान्यात नेताना टॅक्सी इतकी खडखडत होती की प्रत्येक हम्पला, म्हणजे गतिरोधकाला, त्या ओरडल्या आणि शेवटी बेशुद्ध झाल्या. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याही वाहनात पाय ठेवला नाही. घरातल्या घरात पट्टा बांधून, काठी धरून चालत. व्हरांड्यातल्या खुर्चीपर्यंत येत. फाटक काही त्यांनी ओलांडलं नाही.

आणि शहराच्या दुसऱ्या टोकाबाहेर, आनेकलला, त्यांची थोरली बहीण होती, गंगाक्का. या दोघींची गाठ तेव्हापासून पडली नव्हती. गंगाक्कांना आपलं घर सोडवत नव्हतं, यांना प्रवास होत नव्हता. फोन खाली अण्णांकडेच होता, त्यावर दर गुरुवारी दोघी बोलत. त्या वर्षी श्रावणात गंगाक्कांनी सांगितलं की डोळ्यांत काचबिंदू आहे, एक डोळा गेलाच, दुसराही चाललाय. "मला तुझं तोंड दिसतंय तोवर एकदा ये," त्या म्हणाल्या. अक्कांनी हे मंजिरीला हसत हसतच सांगितलं आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

अण्णांना त्या म्हणाल्या, "गाडी थरथरत नाही असं तुम्ही सांगितलंत, तर मी बसेन. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

तेव्हापासून अण्णा गल्लीतल्या गाड्या तपासायला लागले होते. लोकांना वाटे, म्हातारा रिकामा आहे, फिरायला मिळतंय म्हणून बसतो. ते मागच्या सीटवर अनवाणी बसत, डोळे मिटत, पाठ टेकवत, आणि उतरल्यावर निकाल सांगत. डॉक्टरांची गाडी लवंग. समोरच्या वकिलांची, दोन लवंगा. दूधवाल्या गौडांची व्हॅन, अख्खा वेलदोडा. शेवटी एका रविवारी ते माझ्या सेकंडहँड गाडीत बसले. तुमकूर रोडवर आम्ही पीण्यापर्यंत जाऊन आलो.

"इंजिन चांगलं आहे," ते म्हणाले. "बूडपण चांगलं. टायर तेवढे म्हातारे झालेत." टायर बदला असं काही म्हणाले नाहीत. त्यांच्यानं मागणं म्हणून कधी झालंच नाही.

टायर नाहीतरी बदलायचेच होते. मी म्हटलं, दसऱ्याच्या आधी बदलतो, दसरा झाला की येणाऱ्या रविवारी अक्कांना आनेकलला घेऊन जाऊ. अण्णांनी मान हलवली, "सरी," म्हणाले आणि घाईघाईनं खाली गेले. पाच मिनिटांत खालून फोनवर अक्कांचा आवाज यायला लागला.

टायर बदलणं हे माझ्या लेखी तासाभराचं काम. गाडी दुकानात न्यायची, पेपर वाचत बसायचं. अण्णांच्या लेखी नव्हे. दुकानातले लोक नट वाऱ्याच्या बंदुकीनं आवळतात, ते त्यांना मान्य नव्हतं. म्हणून गाडी फाटकाबाहेर विटांवर चढवून चारही चाकं काढली आणि रिक्षातून दोन खेपा करून यशवंतपूरच्या दुकानात नेली. तिथं नवे टायर चढवले. चाक तोलायचं कंप्युटरचं मशीन नुकतंच आलं होतं. चाक फिरलं, हिरव्या आकड्यांत दोन शून्यं उमटली, म्हणजे तोल बरोबर. मला वाटलं, अण्णा आता नाक मुरडतील. ते हात जोडून उभे होते. "बघा जोशीअवरे, एकतीस वर्षं आम्ही हेच करत होतो," ते मालकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. चाकं घरी आणून व्हरांड्यात ठेवली. चढवायची उद्या, त्यांच्या हातानं, असं ठरलं.

उद्या आयुधपूजा होती. बंगळूरात त्या दिवशी ज्या ज्या वस्तूला चाक आहे तिची पूजा होते. सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांना झेंडू, केळीचे खुंट आणि कुंकू. कारखान्यांतून निवृत्त कामगारांना आवर्जून बोलावतात. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, पुडीत शेवंतीची फुलं घेऊन सकाळीच पीण्याला आपल्या जुन्या मशीनला भेटायला गेले.

मी चाकांपाशी गेलो तर अक्का व्हरांड्यात खुर्चीवर, हातात ताम्हण.

"जोशी, चाकं माझ्यासमोर मांडा हो," त्या म्हणाल्या. "मला बाहेर गाडीपर्यंत येववत नाही. पण मला माझ्या बहिणीकडं नेणारी चाकं ही. पूजा मीच करणार."

मी चाकं मांडली. हाताला आली तशी मांडली, तीन सुलटी, एक उलटं. अक्का खुर्चीतून वाकू शकत नव्हत्या, म्हणून मी एकेक चाक उचलून त्यांच्या गुडघ्याला टेकवून धरलं. त्यांनी तांदळाच्या पिठात हळद कालवली होती. मधल्या भोकाभोवती पाच ठिकाणी तिची बोटं ओढली, त्यावर कुंकू, त्यावर ओल्या अक्षता दाबून बसवल्या. घाई नव्हती. प्रत्येक चाकापाशी त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या, ते मी ऐकलं नाही. शेवटचं चाक झाल्यावर त्यांना घाम आला होता.

आता इथं माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हटलं, अण्णा परत येईपर्यंत चाकं चढवून टाकावीत, त्यांना दाखवावं की आम्हालाही हातानं काही येतं. फुलं काढून ठेवली. हळद-कुंकू अर्थातच तसंच ठेवलं. पूजेचं कुंकू त्याच दिवशी कोण पुसतं? चाकं चढवली, अंगातलं सगळं बळ लावून नट आवळले, चाकांखाली चार लिंबं ठेवून चिरडली. अण्णा आले तेव्हा गाडी विटांवरून उतरून तयार होती. पूजा नक्की कुठे आणि कशी झाली हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी मोठ्या दिमाखात त्यांना फिरवायला नेलं. पन्नासपर्यंत गाडी लोण्यासारखी. पंचावन्नला मला पाठीत काहीतरी जाणवलं. साठला मागची सीट सरळ सरळ हादरायला लागली.

"स्वल्प गप्प बसा," अण्णा म्हणाले. मी काही बोललोच नव्हतो. "ती बोलायलीय."

रविवारला चार दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या पहाटे, आम्ही पुन्हा तुमकूर रोडवर. अण्णांची पद्धत ठरलेली होती. आधी रस्ता, मग मशीन, शेवटी हात. ते आधी पुढे बसले, स्टेअरिंगवर माझ्या हातांच्या मध्ये आपलं एक बोट टेकवलं. "हे गप्प आहे. पुढच्या दोन चाकांचा दोष नाही." मग साठच्या वेगात मला गिअर काढायला लावून गाडी नुसती वाहू दिली. थरथर तशीच. "इंजिनाचा नाही." मग गाडी थांबवून ते मागे गेले. पुन्हा साठ. डावीकडे बसले, उजवीकडे बसले, आणि शेवटी सीटच्या पुढच्या जागेत उकिडवे बसून गाडीच्या तळाला कान लावला. एका ट्रकवाल्यानं आमच्या शेजारून जाताना वेग कमी करून आत नीट बघून घेतलं.

"मागचं. उजवं," अण्णा म्हणाले. "लवंग."

मी माझी विद्या पाजळली. टायरच मुळात वेडावाकडा असेल, रेझोनन्स असेल, दुकानदारानं घोटाळा केला असेल. अण्णा प्रत्येक वाक्याला "सरी" म्हणत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे संशय झाले."

दुकानात मी एकटाच गेलो. "मी आलो तर त्यांना वाटेल, म्हातारा चूक काढायला आला," असं म्हणून अण्णा घरीच थांबले. मालकांनी मागचं उजवं चाक उतरवलं. आतल्या बाजूचं हळद-कुंकू बघून आपली बोटं त्याला टेकवली, डोळ्यांना लावली आणि चाक तसंच मशीनवर चढवलं. हिरवी दोन शून्यं. "कंप्युटर सुळ्ळु हेळल्ला, सार," ते म्हणाले. कंप्युटर खोटं सांगत नाही. चाक होतं तसं परत बसवलं. मी गाडी काढली. साठला सीट हादरली.

घरी आलो तेव्हा अक्का व्हरांड्यात होत्या. त्यांनी अण्णांकडे बघितलं.

"आहे अजून," अण्णा म्हणाले.

"बरं," अक्का म्हणाल्या.

शुक्रवारी मंजिरी खालून बातमी घेऊन आली. गंगाक्कांसाठी घेतलेली साडी अक्कांनी पिशवीतून काढून परत कपाटात ठेवली होती. अण्णांनी दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं. शनिवारी सकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, सांगून टाका ना त्यांना, नाही थरथरत म्हणून. मी चाळिसाच्या वर जाणारच नाही. चाळिसाला आहे कुठे थरथर? उगाच जिवाला घोर."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"चाळिसाला नाही, असं तुम्हाला वाटतं," ते म्हणाले. "मला कळते तिथंही. जिचा मणका दुखतोय तिला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि ती माझ्या सांगण्यावर बसणार आहे, जोशीअवरे. मी नाही थरथरत म्हणायचं आणि तिनं वाटेत ओरडायचं?"

ते उठले. "आता हात," म्हणाले.

दुपारी गाडी फाटकातून आत घेऊन व्हरांड्याजवळ उभी केली. अक्का नेहमीच्या खुर्चीत. अण्णांनी मागचं उजवं चाक उचललं, नट काढले, चाक ओढून बाजूला घेतलं आणि उलटं करून जमिनीवर ठेवलं. मी पाना धरून शेजारी उकिडवा बसलो होतो.

भोकाभोवती हळदीची पाच बोटं होती. त्यातली तीन कडेला, कोरडी, नाजूक. पण दोन बरोबर त्या जागी, जिथं चाक गाडीला चिकटून बसतं. ती नटांनी दाबून दाबून चपटी झाली होती, अक्षतांचा पिचून खडूसारखा टणक थर झाला होता. गाडीच्या बाजूलाही तेच दोन पिवळे ठसे. चाक त्या दोन बोटांवर तिरकं बसलं होतं. मशीनवर ते एकटंच फिरलं, म्हणून तिथं शून्यं. आत कागदाएवढं तिरकं, पण टायरच्या कडेला ते चांगलंच डगमगणार. पंपाची ड्रॉइंग काढताना असल्या दोन पृष्ठभागांवर 'स्वच्छ असावेत' असं मी शेकडो वेळा स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे.

"अहो, ही तर अक्कांनी—" मी सुरुवात केली.

अण्णांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे घट्ट धरलं.

"सापडलं का हो?" व्हरांड्यातून अक्कांनी विचारलं. आवाजात इतकी आशा होती की मला वर बघवेना.

"सापडलं," अण्णा म्हणाले.

"काय होतं?"

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होतो. या माणसानं डॉक्टरांना त्यांच्या सासऱ्यांसमोर सोडलं नव्हतं. बायकोचा जीव बहिणीत अडकलेला असताना चाळिसाच्या वेगातली थरथर लपवली नव्हती. कारण हा त्यांचा देव होता. आणि ते कारण आता त्यांच्या हाताखाली होतं, बायकोनं घामाघूम होऊन ओढलेली दोन बोटं.

"नट," अण्णा म्हणाले. "जोशीअवरेंनी नट उलटसुलट आवळलेत. इंजिनियर आहेत. हातानं कधी केलं नाही, त्यांचं काय चुकलं?"

अक्का खळखळून हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "अय्यो, जोशी," त्या म्हणाल्या, "एवढं शिकून नट आवळता येत नाहीत होय तुम्हाला?"

"चुकलं, अक्का," मी म्हटलं.

अण्णांनी माझं मनगट सोडलं. मग लुंगीचा काठ तांब्यातल्या पाण्यात भिजवून ती दोन बोटं हळूहळू पुसली, नखानं अक्षतांचा थर काढला, निघालेलं सगळं एका पानावर गोळा केलं आणि चाक बघायच्या निमित्तानं अक्कांकडे पाठ करून ते तुळशीच्या कुंडीत घातलं. कडेची तीन बोटं आड येत नव्हती, ती त्यांनी तशीच राहू दिली. मग उरलेली तीन चाकंही काढून आतून बघितली. चाकं चढवली, नट आवळले, समोरासमोरचे, एकाआड एक, मला दाखवत दाखवत, अक्कांना ऐकू जाईल असं समजावत. मी शाळेतल्या पोरासारखा मान डोलवत राहिलो.

तुमकूर रोडवर ऐंशीपर्यंत नेली. अण्णा मागे डोळे मिटून बसले होते. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. परत घरी आलो. अण्णा गाडीतून उतरले, व्हरांड्यात गेले आणि अक्कांना म्हणाले, "मोहरीएवढीसुद्धा नाही. चल उद्या."

अक्का उठून कपाटाकडे गेल्या.

रविवारी सकाळी फाटक ओलांडताना अक्कांनी काठी मंजिरीच्या हातात दिली आणि अण्णांचा दंड धरला. मागच्या सीटवर दोन उशा. होसूर रोडवर ट्रकांच्या रांगा होत्या. मी चाळिसानं चाललो होतो आणि मागचे सगळे भोंगे वाजवत होते. अक्का एकदाही ओरडल्या नाहीत. पहिला हम्प गेल्यावर त्यांनी मिटलेले डोळे उघडले, आणि मग खिडकीबाहेरचं सगळं मोठमोठ्यानं सांगायला लागल्या. इथं तळं होतं, इथं काही नव्हतं, हे एवढे कारखाने कधी झाले?

आनेकलला गंगाक्का दारातच स्टुलावर बसल्या होत्या, कधीच्या कोण जाणे. अक्का त्यांच्यासमोर गेल्या, तेव्हा त्यांनी बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला, आपल्या उरलेल्या डोळ्याच्या अगदी जवळ आणला, आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहिल्या. "जाड झालीस गं," एवढंच म्हणाल्या. मंजिरी रडत होती. मीही रडत होतो, उगाच लपवत नाही.

चहा झाला. अक्कांना बोलायला किती होतं. पडल्यापासूनची हकिकत झाली, मग टायरची, मग माझ्या नटांची, ती जरा तिखटमीठ लावून. "पण खरं सांगू का गंगाक्का," त्या बहिणीला म्हणाल्या, "मी माझ्या हातानं त्या चाकांची पूजा केली होती. दोघांनी नट आवळले, सोडले, सगळं केलं. गाडी चालली ती माझ्या पूजेनं."

गंगाक्कांनी चेहरा अण्णांच्या आवाजाच्या दिशेला वळवला. मेहुण्याचा स्वभाव त्यांना चाळीस वर्षं माहीत होता. "खरं का हो?" त्यांनी विचारलं. "तुम्ही म्हणालात तर मानते."

माझ्या हातात रिकामा कप तसाच राहिला.

"खरं आहे," अण्णा म्हणाले. "तिच्या पूजेनंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते अक्कांच्या मागे उभे राहून त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करत होते, जरा वर, जरा डावीकडे, मग पुन्हा जरा वर, त्यांना हवी तशी बसेपर्यंत.